अक्का, ते अकरा दिवस

अक्का, शेवटच्या तुकडीतल्या सशांच्या स्लाइड काल दुपारी मोजून संपल्या. वही मिटली आणि सवयीने तोंडातून गेलं, "मॅडम, झालं." मग मान वर केली. तुझं टेबल आहे, खुर्ची नाही. शेजारच्या खोलीतल्या तरुण लेक्चररनी ती नेली. विचारून नेली, मीच हो म्हटलं.

घरी अक्का आणि कॉलेजात मॅडम, अशा दोन हाका मारत मी तुझ्याजवळ नऊ वर्षं काढली. मॅडमला सांगण्यासारखं जे होतं ते सगळं वहीत लिहून झालं आहे. उरलंय ते अक्काला सांगायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं असं आहे की तू समोर असतीस तर मी बोलले नसते.

देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे तुला वाचता आलं नसतं. तंजावूरकडच्या आपल्या घरांत इतक्या पिढ्या मराठी बोलली गेली, पण लिहिणारे संपत गेले. तू इंग्रजीत लिहायचीस, आणि मनातलं काही लिहायचं झालं की मराठीतच, पण तमिळ अक्षरांत. तूच मला पुण्याला लॅबचा कोर्स करायला पाठवलंस. तिथे दोन वर्षं राहून ही लिपी माझ्या हाताला बसली. परत आले तेव्हा माझ्या बोलण्यावर महिनाभर हसत होतीस. "मज म्हण की. मज, तुज. मला-मला काय करालीस? पुणेवाली झालीस?" पुण्याहून आलेली माझी पत्रं तू कपाटात नीट ठेवायचीस, एकही न वाचता. सुट्टीत मी आले की समोर बसवून माझ्याचकडून वाचून घ्यायचीस. हेही मीच वाचून दाखवलं असतं.

पापनाशमला आमच्या घरी तू आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. माझं ठरलेलं लग्न मोडून वर्ष झालं होतं. घरात कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा बेताने मी वावरत होते. तू आणि तुझी आई, म्हणजे माझी मावशी, कुंभकोणमला कुठल्याशा बारशाला निघाल्या होतात, पॅसेंजरमधून वाटेत उतरलात. माझ्या आईची मामेबहीण म्हणून मावशी आमच्याकडे यायची, पण तू आलीस ती पहिल्यांदाच. मागच्या अंगणात मी उडदाच्या पिठाची लांब वळी दोऱ्याने कापून पापडाच्या लाट्या करत होते. तू उभी राहून बघत राहिलीस. दोन लाट्या उचलून एकावर एक ठेवल्यास, मग तिसरी ठेवलीस, मग वाकून कडेने जाडी पाहिलीस. आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, म्हणालीस, "ही पोरगी मज द्या."

आप्पांना वाटलं, स्वयंपाकाला बाई हवी आहे.

"स्वयंपाक आई करते," तू म्हणालीस. "मज रक्तवाहिन्या कापायला माणूस हवं."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तू डॉक्टर, तंजावूरच्या कॉलेजात शिकवणारी, त्यांनी नाही म्हणायची हिंमत केली नाही. त्या वर्षात मला कोणी मागायला आलं होतं ते फक्त तू. हे मी तुला कधी सांगितलं नाही. नऊ वर्षांत एकदा तरी सांगायला हवं होतं.

तुझा विषय तू मला कॉलेजात नाही, घरी भाजी चिरता चिरता समजावलास. हृदयाची रक्तवाहिनी आतून चोंदली की डॉक्टर तिच्यात बारीक नळीने फुगा नेतात आणि फुगवतात. वाट मोकळी होते, माणूस हसत घरी जातो. पण फुग्याने वाहिनीच्या आतलं अस्तर खरवडलं जातं. शरीराच्या दृष्टीने ती जखम. त्या जखमेवर रक्तातल्या प्लेटलेट पेशी येऊन चिकटतात आणि त्यांच्यातून काही प्रथिनं सुटतात, त्यांना म्हणायचं ग्रोथ फॅक्टर. ती भिंतीतल्या स्नायूंच्या पेशींना एकच गोष्ट सांगतात, वाढा. पेशी वाढतात, आतल्या बाजूला सरकतात, जखम भरते. भरून झाली तरी भरतच राहते. चार-सहा महिन्यांत बऱ्याच जणांची वाट पुन्हा अरुंद होते.

"पण मग शरीराचं चुकलं काय?" मी विचारलं होतं. "जखम भरली ना?"

"भरली हेच चुकलं."

"असं कसं? भरली नसती तर?"

"तर रक्त तिथे गोठलं असतं आणि माणूस आधीच गेला असता." तू विळीवरून नजर वर केलीस. "कळलं का मी कशात अडकले आहे ते?"

यावर आपण नऊ वर्षं भांडलो. मी म्हणायची, जखम भरण्याला आजार म्हणू नये. तू म्हणायचीस, नावाने काय होतं, वाहिनी बंद झाली म्हणजे झाली. जगभरचे लोक त्या वाढणाऱ्या पेशींना थांबवायचं औषध शोधत होते. तू म्हणायचीस, थांबवू नका, आधी अस्तर परत आणा. अस्तराच्या पेशींना बोलावणारा दुसरा एक ग्रोथ फॅक्टर आहे. ते लवकर परत आलं की खालच्या पेशी आपोआप गप्प बसतील. मोठ्या ठिकाणी मोठी माणसं असाच विचार करत होती, हे तुला माहीत होतं. पण तंजावूरच्या एका खोलीत सशांचे चार पिंजरे आणि मेणात बसवलेल्या वाहिन्यांचे पातळ काप काढायचा एक मायक्रोटोम घेऊन आपणही तोच प्रश्न विचारत आहोत, याचा तुला केवढा अभिमान होता. तो तू दाखवायची नाहीस. स्लाइडला लेबल लावताना फक्त तुझं अक्षर जास्त नीट यायचं.

त्या ग्रोथ फॅक्टरची कुपी परदेशातून यायला आठ महिने लागले. पूर्वी असलं काही मागवायचं म्हणजे स्वप्नच होतं. आता परदेशी माल येऊ लागला होता, मद्रासच्या दुकानांतून काय काय दिसत होतं, म्हणून तू धीर करून लिहिलंस. विमानतळावरून थर्मोकोलचा डबा सोडवून आपण दोघी गाडीत बसलो. तंजावूरपर्यंत तो तू मांडीवरून खाली ठेवला नाहीस. कॉलेजात उघडला तर आत बोटाच्या पेराएवढी कुपी, आणि कुपीत काहीच नाही.

"अक्का, यात काही नाही."

"आहे. दिसत नाही एवढंच."

त्या कुपीपायी तू वीज गेली की जिना उतरून रक्तपेढीकडे धावायचीस, तिथे जनरेटर होता म्हणून. पन्नाशीला आलेली बाई, हातात थर्मास, साडी वर खोचलेली. त्याच धावपळीत तुला पहिल्यांदा धाप लागली. आपल्याला वाटलं उन्हामुळे.

गेल्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, मद्रासला तुझ्या हृदयाच्या वाहिनीत फुगा घातला. मावशी देवळात अर्चना करायला इथेच राहिली. तुझा धाकटा भाऊ वसंता बंगलोरहून आला. कंपनीत नवं काम सुरू झालं होतं म्हणून दोन दिवसांनी परत गेला. मी राहिले. आत नेण्यापूर्वी तू डॉक्टरांना फुगा किती मोठा, किती दाबाने फुगवणार, किती सेकंद, असं विचारत होतीस. ते हसून म्हणाले, "तुम्ही पेशंट आहात, मॅडम, परीक्षक नाही." बाहेर आणलं तेव्हा मांडीच्या सांध्यावर वाळूची पिशवी ठेवलेली, हलायचं नाही अशी ताकीद. मी जवळ गेले. तू हळूच म्हणालीस, "आता अस्तर गेलं असेल. आता पाच महिने बघायचं."

मी तुला गप्प बस म्हटलं. तुला ते विनोदाने म्हणायचं होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. आपण फुगा घातलेला प्रत्येक ससा मला तेव्हा आठवला. तुलाही आठवला असेल का? हे विचारायचं राहून गेलं.

वैकासी महिन्यात, मेच्या अखेरीला, एका सकाळी मी डबा घेऊन जिना चढत होते. तू मधल्या वळणावर नोटिस बोर्ड वाचत उभी होतीस. बोर्डावर गेल्या वर्षीच्या परीक्षेचं वेळापत्रक होतं.

"काय वाचतेस?"

"काही नाही. चल."

"अक्का, तू थांबलीस का?"

तू जबड्यावर हात ठेवलास, डावीकडे. मग खांद्यावर. वर येऊन तू दार लावलंस आणि म्हणालीस, "दहा दिवस झाले. जिना चढला की येतं, थांबलं की जातं. तू ओरडू नको."

मी ओरडले नाही. उद्याच्या गाडीने मद्रासला जाऊ म्हटलं. तू कॅलेंडर दाखवलंस. शेवटच्या तुकडीच्या सशांच्या वाहिन्यांना फुग्याने इजा करून सतरा दिवस झाले होते. अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर त्यांना भूल देऊन निळा रंग टोचायचा, वाहिन्या काढायच्या. जिथे अस्तर परत आलं नाही तिथेच तो निळा रंग चढतो, आलं असेल ती जागा पांढरी राहते. तेवढ्या एका दिवसासाठी सगळं केलं होतं. कुपी संपली होती. पुन्हा करता येणार नव्हतं.

"अकरा दिवस," तू म्हणालीस. "बाराव्या दिवशी मी स्वतः गाडीत बसते. तू चल बरोबर. तोवर आईला नाही, वसंताला नाही. कबूल कर."

"मी करते ना सशांचं. मला येतं."

"तुझा हात मेणातले तुकडे कापायला. जिवंत जनावरावर मी. चंद्रा, कबूल कर."

मी कबूल केलं. अक्का, मी का कबूल केलं? दोन महिने मी याचंच उत्तर शोधते आहे. तू मॅडम होतीस म्हणून? माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं अशी सवय झाली होती म्हणून? की मलाही ते निळं-पांढरं बघायचं होतं? खरं सांगायचं तर हेही होतं. मलाही बघायचं होतं. हे लिहिताना हात आवरता घ्यावासा वाटतो.

पहिले चार-पाच दिवस मी तुझ्यावर पहारा ठेवला. तुझा डबा वर आणून दिला, खालच्या मजल्यावरचे तास दुसऱ्यांना द्यायला लावले, तुझ्या पर्समध्ये जिभेखालच्या गोळ्या आहेत ना ते रोज बघितलं. घरी मावशी विचारायची, "आज लवकर आलात?" आपण दोघी एकदमच हो म्हणायचो. मावशी आपल्याकडे बघायची आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागायची.

सहा दिवस उरले होते तेव्हा आपण भांडलो. तू पांढरी दिसत होतीस. मी म्हटलं, पुरे झालं, आज संध्याकाळी मी वसंताला फोन करते.

"कबूल केलं होतंस."

"तुला तिकडे जायची भीती वाटते आहे. पुन्हा फुगा घालतील याची. ससे नुसतं निमित्त आहे."

तू पेन खाली ठेवून म्हणालीस, "तू टेक्निशियन आहेस, चंद्रा. डॉक्टर नाहीस. तुझ्या कामापुरतं बघ."

"हो, मॅडम," मी म्हटलं.

आणि मग तीन दिवस मी तुला मॅडमच म्हटलं. कॉलेजातही आणि घरीही. जेवताना "मॅडम, भात वाढू?" म्हटलं तेव्हा तू ताटावरून मान वर केली होतीस. रागाने नाही. तुला काहीतरी बोलायचं होतं. मी भात वाढला आणि आत निघून गेले. वसंताला फोनही केला नाही. टेक्निशियनने कशाला करावा, असं मनात आलं. चिडले होते म्हणून मी तुझं गुपित जास्तच काटेकोरपणे पाळलं. असा शब्द कोणी पाळू नये.

तीन दिवस उरले होते. सकाळचे साडेदहा. तू मायक्रोस्कोपपाशी होतीस, मी मागे मेणाचे ठोकळे लावत होते. तू म्हणालीस, "चंद्रा, पंखा लाव जरा."

पंखा चालूच होता. मी तेच म्हणायला वळले. तू कपाळ टेबलाच्या कडेला टेकवलं होतंस, चष्मा बाजूला नीट घडी करून ठेवलेला. मी अक्का म्हणून ओरडले. तीन दिवसांनी ते नाव तोंडात आलं आणि तुला ते ऐकू गेलं की नाही, देव जाणे. शेजारचे लेक्चरर धावत आले. आम्ही तुला खुर्चीसकट खाली नेलं. कॅज्युअल्टी समोरच होती, अंगण ओलांडलं की. तिथे पाऊण तास त्यांनी प्रयत्न केले. तुझेच दोन विद्यार्थी होते ड्यूटीवर. त्यातला एक बाहेर आला आणि मला काही सांगण्याआधी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मावशीला सांगायला मीच गेले. ती दारात होती. माझ्या हातात तुझी पर्स आणि चष्मा होता. तिने चष्मा घेतला, पदराने पुसला, आणि म्हणाली, "कुठे ठेवलंय तिज?" मला काही सांगावं लागलं नाही.

वसंता संध्याकाळी आला. चौथ्या दिवशी, अस्थी तिरुवैयारूला कावेरीत सोडून आल्यावर, त्याने मला मागच्या दाराशी गाठलं. "तुज काही बोलली होती काय ती? पुन्हा दुखालंय असं?" मी नाही म्हटलं. इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. तो मान हलवून आत गेला, आणि त्या खोटेपणाला माझ्या अंगात जागा झाली.

सशांचं काय करायचं असं त्यांची देखभाल करणारी, घरीही वरकामाला येणारी सेल्वी विचारायला आली. हादग्याचा पाला घेऊन ती रोजच्यासारखी पिंजऱ्यांपाशी उभी होती, डोळे सुजलेले. अठ्ठाविसावा दिवस अस्थी सोडायच्या त्याच दिवशी येत होता. मावशीला मी विचारलं. ती म्हणाली, "तिजं काम आहे तर जा." तिरुवैयारूहून परत येऊन, वसंताशी खोटं बोलून, दुपारी मी कॉलेजात गेले. लेक्चररनी भूल दिली, बाकीचं मी केलं. जिवंत जनावरावर माझा हात पहिल्यांदाच चालत होता, पण चुकला नाही. सगळ्या वाहिन्या काढून पांढऱ्या थाळीत ओळीने ठेवल्या. उघडून बघितल्या. तुला हवं होतं ते तिथे होतं. काही वाहिन्यांत निळं अगदी थोडं उरलं होतं. सगळ्यांत नाही. मी थाळी घेऊन खिडकीपाशी उजेडात उभी राहिले आणि कोणाला दाखवावं ते सुचेना.

काल मोजमाप संपलं. तुला सांगते, जसं आहे तसं. औषध दिलेल्या सशांत अस्तर लवकर आलं, हे खरं दिसतं. पण आतली भिंत जाड व्हायची थांबली का? काहींत थांबली, काहींत अस्तर येऊनही पेशी वाढतच राहिल्या. इतक्या थोड्या सशांवरून काही म्हणता येणार नाही, असंच तू लिहिलं असतंस. मीही तेच लिहिलं आहे. अक्का, यासाठी अकरा दिवस थांबणार होतो आपण.

या मोजमापाच्या मधेच, तीन आठवड्यांपूर्वी, तुझी वही आवरताना शेवटच्या पानांवर तमिळ अक्षरं दिसली. मला वाटलं घरच्या सामानाची यादी. वाचायला लागले तर मराठी होतं. जिना, एकदा थांबले, गोळी नाही. जिना, दोनदा थांबले, गोळी एक. रोजची एक ओळ, सशांच्या नोंदी ठेवायचीस तशाच अक्षरात. मग आपण भांडलो त्या दिवसाची ओळ. बसल्या जागी दुखलं, सकाळी, गोळ्या दोन. आणि खाली, चंद्राला सांगितलं तर ती थांबणार नाही.

मी ते पान धरून जमिनीवर बसले. चालताना दुखणं वेगळं आणि बसल्या जागी दुखणं वेगळं, त्यात एक दिवसही थांबायचं नसतं, एवढं तुझ्या टेक्निशियनलाही कळतं. मला ते कळलं असतं तर कबूल केलेलं मी त्याच मिनिटाला मोडलं असतं, हे तुला माहीत होतं, म्हणून तू लपवलंस. माझ्यावर ओरडलीस त्या वेळी तुला दुखत होतं. मी बघत होते पांढरी पडलेली तुझी मुद्रा, आणि मला वाटलं राग. त्या दिवसापासून मी तुझ्यावर रागावले आहे आणि तुझ्यासाठी रडते आहे, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलंच पुरं होत नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून तू सांगितलंस. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच सांगितलं नाहीस. याचं मी काय करू?

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून वसंताला फोन लावला. सगळं सांगितलं, जिन्यापासून वहीपर्यंत, आणि मी तेव्हा खोटं बोलले हेही. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "आठ दिवस तुज माहीत होतं." मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला. तीन आठवडे झाले. मावशीला दर रविवारी फोन करतो, माझी चौकशी करत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग मावशीला सांगितलं. ती देवापुढच्या वाती वळत होती. मी सांगत गेले, तिचा हात थांबला नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "मज माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दुखालंय ते. आंघोळीचं पाणी उचलायची थांबली, सेल्वीला सांगून भरून घ्यायची. मी बघत होते की."

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर खोटं बोलली असती. तिज ते जमायचं नाही. म्हटलं, काय ते काम होऊ दे, मग विचारू." तिने वात तेलात बुडवली. "तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आता कोण कोणास बोलायचं?"

तिने मला माफ केलं असं नाही, अक्का. तिने मला आपल्या शेजारी बसवून घेतलं एवढंच.

आज सकाळी ती म्हणाली, "ते काय बघायची ती, मज दाखव." मी तिला रिक्षाने कॉलेजात नेलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून ती इकडेतिकडे मान हलवत राहिली. मग म्हणाली, "केस दिसालेत." तिला स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मी तिचं डोकं हळूच मागे घेतलं, चष्मा काढला, फिरकी फिरवली.

"दिसलं. बांगडीसारखं."

"ती वाहिनी. कापून आडवी ठेवलेली. ती काळी नागमोडी रेघ दिसते? तिथपर्यंत मूळची भिंत. त्याच्या आत जे जाड दिसतंय, ते नंतर आलेलं. जखम भरताना."

"आणि मधलं हे भोक?"

"तेवढीच वाट उरली रक्ताला."

"ही सशाची?"

"सशाची."

ती बघत राहिली. तुझी वाहिनी अशी कोणी उघडून पाहिली नाही, शवविच्छेदन करू नका असं तिनेच सांगितलं होतं. मी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता. पण एका क्षणी मला ते बघावंसं वाटलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तुलाच सांगते आहे.

"असं व्हायला किती दिवस लागतात?" तिने डोळा न काढता विचारलं.

"सशाला चार आठवडे. माणसाला पाच-सहा महिने."

तिने टेबलावर एकेक बोट टेकवत मोजायला सुरुवात केली. "मार्गळी, तै, मासी, पंगुनी, चित्तिरै, वैकासी." मग पहिल्या बोटावर परत आली. "म्हणजे फुगा घातला तेव्हापासूनच."

"हो, मावशी. तेव्हापासूनच."

"पोंगलला सुरू झालं असणार हे आत."

"झालं असेल."

"पोंगलला तर ती हसत होती की गं," मावशी म्हणाली. "दोनदा गोड वाढून घेतलं. म्हणाली, आई, आता मज काही नाही."

मी हो म्हटलं. मीही तिथेच बसले होते.